रविवारची गर्दी आणि डोंगरवाट: पायथ्याच्या गावाने नियोजन कसं करावं

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस चार महिने मुक्कामाला असतो, त्यामुळे तिथली गर्दीही चार महिन्यांत पांगते. मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरीच ६८० मिलिमीटरच्या आसपास, आणि तीही मोठे खंड पाडत येणारी. डोंगर हिरवे होतात जुलैच्या उत्तरार्धात, दसऱ्यापर्यंत गवत पिवळं पडायला लागतं. धबधबा तर चांगला पाऊस झाल्यावर दोन-चार दिवसच नावाला शोभेल असा पडतो. त्यामुळे गौताळा, पितळखोरा, वेताळवाडी, सौताडा अशा ठिकाणची जवळपास सगळी गर्दी शनिवार-रविवार, पंधरा ऑगस्ट आणि श्रावणी सोमवार एवढ्याच दिवसांत कोंबलेली असते. एरवी त्याच वाटेवर गुराखी आणि सीताफळं तोडणारे सोडले तर कुणी दिसत नाही.

नियोजन करताना हे डोळ्यांसमोर ठेवलं की खर्च एकदम खाली येतो. आपल्याला वर्षभराची नव्हे, पंचवीस-तीस दिवसांची व्यवस्था लावायची आहे. सिमेंटच्या पायऱ्या, कमान, सेल्फी पॉइंट, लोखंडी रेलिंग यांतलं काहीही सुरुवातीला लागत नाही. माझं म्हणणं असं, की ताबा ठेवायचा तो गाड्या लावण्याच्या जागेवर. तिथे किती गाड्या घेतल्या यावर डोंगरावर किती माणसं असतील हे ठरतं. वर जाऊन शिट्ट्या फुंकून ते ठरत नाही.

हा लेख पायथ्याच्या गावातले सरपंच, वन समितीचे सदस्य, तरुण मंडळ आणि त्यांच्यासोबत काम करू पाहणारे शहरातले ट्रेकिंग ग्रुप यांच्यासाठी आहे.

आधी वाट कुणाची ते बघा

हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं. मग ऐन ऑगस्टमध्ये ग्रामपंचायतीने लावलेली पाटी वनरक्षक काढून टाकतो आणि भांडण सुरू होतं. तलाठ्याकडून गावनकाशा घ्या आणि फाट्यापासून माथ्यापर्यंत वाट कोणकोणत्या गटांतून जाते ते पेन्सिलने ओढा. नकाशात पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो, गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने. तुमची आजची वाट त्या रेषेवरून जातेच असं नाही. लोकांनी सोयीने नवी पाडलेली असते आणि ती कुणाच्या तरी वावरातून गेलेली असते.

एकाच वाटेवर चार-पाच मालक निघू शकतात. फाट्यापासूनचा डांबरी रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा. पुढे खाजगी शेत. मग गायरान. मग वनखात्याची हद्द. त्यातही प्रादेशिक वनविभाग वेगळा आणि वन्यजीव विभाग वेगळा, म्हणून अर्ज कुठे द्यायचा हे आधी विचारून घ्या. माथ्यावर किल्ला किंवा लेणं असेल तर ते केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहे, की कुणाकडेच नाही, हेही पाहावं लागतं.

प्रत्येकाचा कायदा वेगळा असल्याने याला महत्त्व आहे. गौताळा-औट्रामघाटसारख्या अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम २७ लागू होतं. तिथे प्रवेश परवानगीनेच होतो आणि शुल्क शासन ठरवतं. ग्रामपंचायतीला अभयारण्याच्या आत स्वतःची पावती फाडता येत नाही. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पितळखोऱ्यासारख्या लेण्याच्या तोंडाशी चहाची टपरी किंवा स्वच्छतागृह बांधायचा ठराव म्हणूनच कागदावरच राहतो. या सगळ्या हद्दींच्या बाहेर, फाट्याजवळ, गावाचा हात सर्वांत मोकळा असतो. पार्किंगपासून सुरुवात करा असं म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

खाजगी शेताबद्दल थोडं सविस्तर. शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला बांधावरून रस्ता मिळण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. अडवलेला वहिवाटीचा रस्ता मोकळा करायला मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ आहे. पण हे हक्क शेती करणाऱ्यांसाठी आहेत. रविवारी शहरातून आलेल्या पाहुण्याला त्याचा आधार नाही. शेतमालकाने तारेचं कुंपण घातलं तर त्याच्याशी कायदा बोलण्यात अर्थ नाही. त्याचं नुकसान काय होतं ते विचारा. बहुतेकदा उत्तर तेच असतं: कपाशीच्या ओळी तुडवल्या जातात, मक्याची कणसं जातात, विहिरीत बाटल्या पडतात, बांधावर बाया कामाला असताना टोळकी आडोशाला बसतात. यातली प्रत्येक अडचण वाट बांधाच्या कडेने पन्नास पावलं सरकवून आणि दोन्ही बाजूंना काट्यांची वई घालून सोडवता येते. तक्रार मिटली की तोच माणूस पुढे तुमचा सर्वांत चांगला राखणदार होतो.

चार रविवार नुसते मोजा

पहिल्या हंगामात कुठलाही नियम लावण्याआधी मोजणी करा. दोन मुलं फाट्यावर, एक वाटेच्या तोंडाशी. वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडा आणि त्यांत दुचाकी, चारचाकी, टेम्पो-ट्रॅव्हलर, वर गेलेली माणसं, खाली आलेली माणसं लिहा. वर गेलेल्यांतून खाली आलेले वजा केले की त्या क्षणी डोंगरावर किती जण आहेत ते कळतं. दिवसभराच्या एकूण संख्येपेक्षा हा आकडा कामाचा आहे. एकूण हजार माणसं दहा तासांत विखरून आली तर कुणाला धक्काही लागत नाही. तीच अकरा ते एकमध्ये वर असली तर चेंगराचेंगरीची तयारी समजा.

मोजणाऱ्या मुलांना आणखी तीन गोष्टी टिपायला सांगा. रस्त्याच्या कडेला गाड्या लागायला किती वाजता सुरुवात होते, एसटी अडकली का, आणि सूर्य मावळल्यावर किती जण खाली आले. शेवटचा आकडा पाहून पोलीस पाटील आणि वनपाल दोघेही लगेच बैठकीला येतात.

श्रावणात माथ्यावरच्या महादेवाला किंवा देवीला जाणारे भाविक वेगळ्या रकान्यात लिहा. ते पहाटे येतात, वाट त्यांच्या पायाखालची असते, ते तासा-दीड तासात परततात आणि धबधब्याकडे वळत नाहीत. त्यांना आणि सहलीला आलेल्यांना एकच नियम लावला तर गावातच दोन तट पडतील. भाविक, गुराखी, सरपण आणणाऱ्या बाया, गावातली माणसं यांना कसलीही पावती किंवा टोकन नको. हे पहिल्याच ग्रामसभेत ठरावात लिहून घ्या.

एका वेळी वर किती माणसं?

या प्रश्नाला अनेक जण अंदाजाने उत्तर देतात. अंदाज करायची गरज नाही. संपूर्ण वाट चालून तिच्यावरची सर्वांत अरुंद जागा शोधा. कुठे तो कातळातला टप्पा असेल, कुठे दरवाजा, कुठे ओढ्यावरचे चार दगड. किल्ल्यांवर ही जागा लगेच सापडते, कारण बांधणाऱ्यांनी ती मुद्दाम ठेवली आहे. देवगिरीचा खंदकावरचा पूल आणि पुढची 'अंधारी' (काळोखी भुयारी वाट) शेकडो माणसं एकदम आत शिरू नयेत म्हणूनच तशी आहे. आजच्या पर्यटकांना ती तितक्याच इमानाने अडवते.

त्या जागेवर मोबाइलचं घड्याळ लावून उभे राहा आणि एका दिशेने, धक्काबुक्की न होता, मिनिटाला किती माणसं पार होतात ते मोजा. म्हातारी माणसं आणि लहान मुलं असलेला घोळकाही त्यात येऊ द्या. समजा सरासरी ६ निघाली. आता स्वतःला विचारा की अचानक आभाळ फाटलं तर सगळे किती वेळात खाली यायला हवेत. पाऊण तास म्हणा. ४५ गुणिले ६ म्हणजे २७०. एका वेळी डोंगरावर याहून जास्त माणसं नकोत. पठार कितीही ऐसपैस असो, आकडा उतरण्याच्या वेळेवरच ठरवायचा. चढताना लोक आपोआप पांगतात, उतरताना सगळे एकाच वेळी निघतात.

एक फेरी साधारण तीन तासांची असेल आणि सकाळी सात ते दुपारी तीन असा आठ तास प्रवेश दिला, तर याच हिशोबाने दिवसभरात सातशेच्या आसपास माणसं आरामात येऊन जातात. गावकऱ्यांना हे सांगणं गरजेचं आहे, कारण '२७०' ऐकताच भज्यांच्या गाडेवाल्याला आपला धंदा बुडाला असं वाटतं.

गाड्या: खरं काम इथे आहे

आता २७० माणसांचं रूपांतर गाड्यांत करा. तुमच्या मोजणीत दुचाकीवर सरासरी दोन आणि चारचाकीत चार जण निघाले असतील, तर ७५ दुचाकी आणि ३० चारचाकी म्हणजे १५० अधिक १२०, बरोबर २७०. तेवढीच टोकनं बनवा. पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे बिल्ले चालतात, दुचाकीला एक रंग, चारचाकीला दुसरा, आणि त्यांवर ठळक आकडे. गाडी आत आली की बिल्ला द्यायचा, बाहेर जाताना परत घ्यायचा. बिल्ले संपले की पुढची गाडी थांबते आणि एक परत आला की एक आत जाते. संगणक नको, ॲप नको, नेटवर्कही नको. डोंगराखाली नेटवर्क नसतंच.

या बिल्ल्यांचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. संध्याकाळी साडेपाचला जे बिल्ले परत आलेले नाहीत, तेवढ्या गाड्यांची माणसं अजून वर आहेत. बिल्ला देताना त्याच ओळीत एक मोबाइल नंबर आणि माणसांची संख्या लिहिली असेल, तर शोधायला कुणाला आणि कितीजणांसाठी जायचं हे अंधार पडायच्या आधीच कळतं. नंबरांची ती वही हंगाम संपला की फाडून टाका. ती कुणाच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी फिरता कामा नये.

जागा कुठली, हा मराठवाड्यातला खास प्रश्न. गर्दीचा हंगाम आणि खरिपाचा हंगाम एकच असल्याने रिकामं शेत मिळत नाही. मिळालं तरी काळ्या रानात ऑगस्टमध्ये गाडी घातली की ट्रॅक्टर लावून ओढावी लागते. म्हणून मुरमाड, थोडी उताराची, पाणी न साचणारी जमीन हवी. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि तहसीलची परवानगी घ्या. झेडपी शाळेचं मैदान रविवारी चालतं, मात्र पंधरा ऑगस्टला सकाळी झेंडावंदन असतं हे विसरू नका. खाजगी जागा घ्यायची तर बोलणी मे महिन्यात, पेरणीच्या आधी करा. त्या तुकड्यात सोयाबीन किंवा कपाशीचं जेवढं उत्पन्न निघालं असतं त्याहून थोडं जास्त भाडं, करार कागदावर, आणि निम्मी रक्कम आधी. जूनमध्ये पेरलेल्या रानात जुलैमध्ये गाड्या लावायला कुणीही शहाणा शेतकरी देणार नाही.

जागा मिळाली की फक्कीने ओळी मारा. नुसत्या ओळी नसल्या की गाड्या वाकड्यातिकड्या लागतात आणि तीसच्या जागी वीसच मावतात. रुग्णवाहिकेसाठी एक पट्टा दोरी बांधून कायम मोकळा ठेवा. एसटी जिथे वळते ती जागाही तशीच. चारचाक्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला असू द्या, म्हणजे पाऊस आल्यावर सगळे एकदम निघाले तरी कोंडी होत नाही.

रस्त्याच्या कडेला गाडी लावू न देणं हे गावाच्या अधिकारात येत नाही. ग्रामपंचायतीची 'नो पार्किंग' पाटी हा फारतर सल्ला आहे, दंड पोलीसच करू शकतात. म्हणून जूनमध्येच ठाणेदारांना मोजणीची वही दाखवा आणि ठरावीक रविवारी दोन पोलीस कर्मचारी किंवा होमगार्ड मागा. मागणी अकरा ते चार एवढ्याच वेळेसाठी केली तर ती मान्य होण्याची शक्यता जास्त. स्वयंसेवकांनाही त्यांच्या मर्यादा स्पष्ट सांगाव्या लागतात. त्यांनी कुणाची बॅग उघडायची नाही, गाडीची चावी काढून घ्यायची नाही, दंड मागायचा नाही. दारूची बाटली दिसली तर 'वर नेता येणार नाही' एवढंच म्हणायचं आणि ऐकलं नाही तर पोलिसांना फोन करायचा. गणवेशाविना दमदाटी करणारी चार पोरं गावाचं नाव आठवड्यात घालवतात.

परत पाठवायचं कसं, हेही शिकवा. दोन तास गाडी चालवून आलेल्या कुटुंबाला 'बंद आहे, जा' म्हटलं की वाद ठरलेला. त्याऐवजी: 'दादा, वर जागा भरली. तासाभरात बिल्ला मोकळा होईल. तोवर समोर सावलीत बसा, ताई कणसं भाजतायत.' थांबायला नको असणाऱ्यांना जवळचं दुसरं ठिकाण सुचवा. फक्त वार पाहून. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. श्रावणी सोमवारी गर्दी अजिंठ्याकडे वळवून तुम्ही लोकांना दुसऱ्यांदा परत पाठवाल.

बचत गटाच्या बायांना खाण्याचे स्टॉल द्या, पण पार्किंगजवळच. एकदा एक गाडा वरच्या पठारावर गेला की पाठोपाठ सहा जातात, आणि प्लेटा, रॅपर, चुलीचा धूर सगळं वरच होतं. बायकांसाठी स्वच्छतागृह आणि धबधब्याच्या ठिकाणी कपडे बदलायला आडोसा हे खर्चाच्या यादीत पहिलं हवं. शाळेची स्वच्छतागृहं वापरायची असतील तर मुख्याध्यापकांना विचारा, आणि सोमवारी सकाळी ती धुऊन देण्याची जबाबदारी लेखी घ्या.

पैसा

पार्किंगचा पैसा छापील, क्रमांक असलेल्या पावतीवरच घ्या. कोण गोळा करणार, ग्रामपंचायत की संयुक्त वन व्यवस्थापन समिती, हे जागा कुणाच्या हद्दीत आहे त्यावर ठरेल. जमा-खर्च पंधरा ऑगस्टच्या आणि दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. पंधरा ऑगस्टची सभा नेमकी हंगामाच्या मध्यावर येते, त्यामुळे गडबड असेल तर तेव्हाच दिसते. पैसा कुठे जावा याचा क्रम माझ्या मते असा: आधी मुलांची मजुरी, मग शेतमालकाचं भाडं, मग वाटेची दुरुस्ती. कमान आणि फलकाचं अनावरण सगळ्यांत शेवटी, जमल्यास कधीच नाही. बक्षिसी म्हणून राबणारी पोरं तिसऱ्या रविवारी येत नाहीत, ठरलेली मजुरी मिळणारी येतात.

बाटल्यांसाठी अनामत पद्धत चालते. वर जाणाऱ्या प्रत्येक प्लास्टिक बाटलीवर स्टिकर लावा, ठरावीक रक्कम घ्या, रिकामी बाटली आणली की परत द्या. गर्दी दोनशेच्या वर गेली की या टेबलाशी रांग लागते, म्हणून ते वाटेच्या तोंडाशी न ठेवता पार्किंगच्या आत ठेवा.

निरोप आधी पोचवा

फाट्यावर आलेल्या माणसाला परत पाठवण्यापेक्षा तो घरीच असताना सांगणं सोपं. शुक्रवारी संध्याकाळी एक छोटा निरोप: वाट चालू की बंद, प्रवेशाची वेळ, बिल्ल्यांची संख्या, ओढ्याला पाणी किती. हा शहरातल्या ट्रेकिंग ग्रुपांना पाठवा, ते पुढे पसरवतात. मोठे ग्रुप बसने येणार असतील तर त्यांनी आधी कळवायचं आणि सकाळी साडेआठच्या आत वर निघायचं, असा समझोता करा. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांना राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद मागायला संकोच करू नका.

गावाच्या तीन-चार किलोमीटर अलीकडे, मुख्य रस्त्यावर, उलटता येणारा एक फलक ठेवा. एका बाजूला 'जागा आहे', दुसऱ्या बाजूला 'जागा भरली, दोननंतर या'. तो उलटायला ढाब्यावरचा ओळखीचा माणूस आणि एक फोन पुरतो. डोंगरावरच्या पाट्या मात्र कमीत कमी हव्यात. जिथे दोन वाटा फुटतात तिथे आणि जिथे माणूस मेला आहे तिथे. मराठीत आणि हिंदीत, संभाजीनगरकडून गर्दी येत असेल तर उर्दूतही. 'निसर्गाचं रक्षण करा' हे वाचून कुणी काही करत नाही. 'पुढे कडा आहे, शेवाळ आहे, इथून मागे फिरा' हे वाचून थांबतात.

पाणी, वीज आणि आग्या मोहोळ

वाट बंद करायचा निर्णय एकाच माणसाचा असावा आणि तो फाट्यावर बसलेला नसावा, कारण समोर शंभर माणसं उभी असताना 'बंद' म्हणणं अवघड जातं. निकष आधीच लिहून ठेवले की वादही होत नाही.

अजिंठ्याच्या डोंगररांगेत बऱ्याच जागी धबधबा पठाराच्या उत्तर कड्यावरून खाली पडतो. वर पठारावर पाऊस झाला आणि खाली ऊन असलं तरी ओढा काही वेळात फुगतो. पितळखोऱ्याला लेणी नाल्याच्या दोन्ही अंगांना आहेत, म्हणजे पाणी आलं की पलीकडे गेलेले पलीकडेच राहतात. म्हणून वरच्या गावातल्या एका माणसाचा फोन नंबर बाळगा आणि 'जोराचा पाऊस सुरू झाला' एवढंच कळवायचं त्याच्याशी ठरवा. ओढा ओलांडायच्या जागी दगडावर रंगाने दोन पट्टे मारा. पाणी पिवळ्याला लागलं की नवीन माणूस पलीकडे सोडायचा नाही, लालला लागलं की सगळ्यांना अलीकडे बोलवायचं. लाल पट्टा पोटरीच्या उंचीवर हवा. वाहत्या पाण्यात गुडघाभर खोलीतही मोठा माणूस पाय सोडतो. पट्टे मारायला लेण्याचा किंवा तटाचा दगड मात्र वापरू नका, सुटा धोंडा किंवा मोरीची भिंत घ्या.

धोका फारच वाढला तर जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचं १४४) मनाई आदेश काढू शकतात. पण तो हत्यार म्हणून शेवटी ठेवा. सरसकट बंदीत रोजीरोटी गावाचीच जाते, आणि बाहेरचे आडवाटेने चढतातच.

विजेचा धोका मराठवाड्यात लोक कमी लेखतात. पावसाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात, दुपारनंतर, ढग पाहता पाहता जमतात. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज जवळ आहे. माथा, बुरूज, झेंड्याचा खांब, एकटं झाड सोडून खाली यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ द्यायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप जिथे नेटवर्क आहे अशा ठिकाणी बसलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये हवंच.

आग्या मोहोळ लेण्यांच्या छतांना, कड्यांना, तटांना लोंबतं. ते उठतं धुराने, दगडाने, ड्रोनने आणि कधीकधी अत्तर-स्प्रेच्या वासानेही. हंगामाच्या सुरुवातीला वनरक्षकासोबत वाट चालून पोळी कुठे आहेत ते पाहा आणि शक्य तिथे वाट त्यांच्यापासून दूर वळवा. पोळं जाळायचं नाही, काढायचंही नाही. माशा उठल्या तर तोंड-डोकं कपड्याने झाकून सरळ पळत सुटायचं, गाडीत किंवा खोलीत शिरून दार लावायचं. पाण्यात उडी मारू नये, त्या वर घिरट्या घालत राहतात. त्याच क्षणी खालून येणाऱ्यांना थांबवणं हे स्वयंसेवकाचं काम. खूप डंख झालेल्याला 'काही होत नाही' म्हणून बसवून ठेवू नका, दवाखान्यात न्या.

बाकी अपघातांसाठी पाठ असायला हवेत असे तीन नंबर: रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२, वनखात्याची हेल्पलाइन १९२६. वाटेवर नेटवर्क कुठे मिळतं त्या जागा नकाशावर खुणा करून ठेवा. एक घडीचा स्ट्रेचर आणि दोर फाट्यावर असू द्या. सर्पदंशाची लस जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आहे का हे जुलैत जाऊन विचारा. दंश झाल्यावर आवळून बांधणं, चिरा देणं, मांत्रिकाकडे नेणं यांत वेळ जातो आणि माणूस जातो.

संध्याकाळी सगळे खाली, ही अट अभयारण्यात जास्त कडक हवी. बिबट्या आणि अस्वल तिथे आहेतच. २०२१ मध्ये टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघही गौताळ्यात कॅमेऱ्यात दिसला होता. पहाट आणि तिन्हीसांजा त्यांच्या फिरण्याच्या वेळा आहेत.

वाट दुरुस्त ठेवणं

पाच-सहाशे माणसांचे पाय पडले की मुरूम सुटतो, पाणी त्याच चाकोरीतून वाहतं आणि दोन हंगामांत वाटेची घळ होते. मग लोक घळीच्या कडेने चालतात, दुसरी वाट पडते, पुढे तिसरी. उपाय सोपा आहे, फक्त वेळेवर करायला हवा. वाटेला तिरकस आडवी दगडांची ओळ निम्मी जमिनीत पुरून बसवा, म्हणजे पाणी उताराच्या बाजूला बाहेर पडेल. चढ जितका उभा तितक्या ओळी जवळ हव्यात. खड्या टप्प्यावर सुक्या दगडांच्या रचाईच्या पायऱ्या सिमेंटच्या पायऱ्यांपेक्षा जास्त टिकतात, कारण त्यांतून पाणी निघून जातं. हे काम ऑक्टोबरमध्ये करा. तेव्हा मुरूम ओला असतो, दगड बसतो, आणि ताज्या पावसाने पाणी कुठून वाहिलं ते अजून दिसत असतं. मे महिन्यात तीच जमीन पहारीला ऐकत नाही.

मधल्या चोरवाटा बंद करायला पाटीपेक्षा बोराटीच्या फांद्या चांगल्या. दोन्ही टोकांना, वळणापासून दिसेल इतक्या लांबीपर्यंत दाट पसरवा. दोन पावसाळ्यांत तिथे गवत धरतं. वनहद्दीत एकही दगड हलवण्याआधी वनपालाची परवानगी घ्या आणि स्मारकाजवळ पुरातत्त्वची. किल्ल्याचा सुटलेला चिरा पायरीला वापरणारा उत्साही कार्यकर्ता दर वर्षी कुठे ना कुठे निघतोच.

दिवाळीनंतर गर्दी ओसरते आणि वेगळीच चिंता सुरू होते. वाळलेलं गवत उन्हाळ्यात एका विडीने पेटतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत वाट ठरावीक वेळीच उघडी ठेवा, मुक्कामी तंबू आणि शेकोटी पूर्ण बंद, आणि वाटेच्या दोन्ही अंगांचं गवत वनखात्याच्या परवानगीने कापून गुरांना द्या. जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून आधीच गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायचं काम वनखात्याचं असलं तरी त्या दिवशी गावातली दहा माणसं सोबत गेली तर पुढे आग लागल्यावर रेषा कुठे आहे ते अंधारातही त्यांना कळतं. उन्हाळ्यात येणारे थोडे असतात. त्यांना सकाळी दहानंतर वर सोडू नका, माणशी दोन लिटर पाणी आहे का ते विचारा, आणि फाट्यावर ओआरएसची पाकिटं ठेवा.